दवाखान्याची मागची खोली

डेंटलच्या तिसऱ्या वर्षात पेशंटच्या तोंडात पहिल्यांदा आरसा जातो आणि साधारण त्याच सुमारास 'आपला दवाखाना कधी टाकायचा' हा विषय हॉस्टेलच्या गप्पांत येतो. मग चेअर कुठल्या कंपनीची घ्यायची, भिंतीला रंग कोणता, रिसेप्शनला काच की लाकूड, बोर्डावर दाताचं चित्र असावं की नसावं यावर रात्री जागतात. हे सगळं पुढच्या खोलीचं झालं. दवाखाना तरतो किंवा बसतो तो मागच्या खोलीत. कंप्रेसर तिथे धडधडतो, हत्यारं तिथे धुतली जातात, ती वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह तिथे तापतो, लाल-पिवळ्या पिशव्या तिथे भरतात. या खोलीवर व्हायवात फारसे प्रश्न येत नाहीत. पण कॉलेजच्या प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये ती रोज चालू असते आणि ती बघायला कोणी पैसे मागत नाही. विद्यार्थी असतानाच दवाखान्याची तयारी करायची असेल तर ती इथून सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. बीडीएसची चार वर्षं, त्यानंतर वर्षभराची सक्तीची इंटर्नशिप आणि मग राज्य दंत परिषदेची कायमची नोंदणी. हा नंबर हातात येईपर्यंत स्वतंत्रपणे पेशंट बघता येत नाही. सुटीत गावी गेल्यावर नातेवाइकाची दुखरी दाढ 'जरा बघून' काढून देणं किंवा एखाद्या सीनियरच्या दवाखान्यात त्यांच्या गैरहजेरीत हात चालवणं हे यातच येतं. तसं करायची गरजही नसते. नोंदणीआधीच्या दोन-तीन वर्षांत बघण्यासारखं, मोजण्यासारखं आणि लिहून ठेवण्यासारखं इतकं असतं की ते नीट केलं तर वेळ कमीच पडतो.

ओळखीच्या दवाखान्यात संध्याकाळी बसायची परवानगी मिळाली तर विद्यार्थी डॉक्टरांच्या हाताकडे बघत बसतात. एखाद-दोन दिवस असिस्टंटच्या हाताकडे बघा. पेशंट चेअरवरून उठला की पुढचा बसेपर्यंत ती काय काय करते? बर (ड्रिलचं टोक) काढून ठेवणं, सुई नीडल कटरमध्ये घालून सिरिंज लाल डब्यात टाकणं, कापसाचे बोळे पिवळ्या पिशवीत, लाळ ओढणाऱ्या सक्शनची टीप फेकणं, सक्शनच्या नळीतून पाणी ओढून घेणं, एअरोटर (दात कोरायचं हवेवर फिरणारं ड्रिल) वीस-तीस सेकंद नुसता चालवून मग काढून घेणं, ट्रे उचलून मागे नेणं, ग्लोव्ह्ज बदलणं, दिव्याचा दांडा, चेअरची बटणं, हवा-पाणी मारणारी थ्री-वे सिरिंज हे सगळं जंतुनाशकाने पुसणं, ते ओलं राहील इतका वेळ थांबणं, नवीन कव्हर, नवीन ग्लास, नवीन ट्रे. हे मन लावून केलं तर सहा-सात मिनिटं जातात. बाहेर चार जण बसलेले असतील तर ते दोन मिनिटांत उरकतं. मग नेमकं काय गळतं ते वहीत टिपून ठेवा. बहुतेक वेळा दोन गोष्टी गळतात. पुसलेलं ओलं राहण्याचा वेळ दिला जात नाही आणि एअरोटर बदलला जात नाही.

एअरोटर का बदलला जात नाही याचं उत्तर साधं आहे. दुसरा नसतो. त्याचं टर्बाइन थांबतं त्या क्षणी तोंडातली लाळ आणि रक्त थोडं आत ओढलं जातं, म्हणून बाहेरून स्पिरिटचा बोळा फिरवून काही साधत नाही. तो आतून बाहेरून वाफेतच जायला हवा. पण दवाखान्यात एकच असेल तर कितीही सुसंस्कृत डॉक्टर तो पुसूनच वापरणार. म्हणून हत्यारं किती घ्यायची हा प्रश्न मला चेअरच्या मॉडेलपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. त्याचा हिशेब करता येतो. संध्याकाळी ५ ते ९ बसायचं, दर अर्ध्या तासाला एक, म्हणजे आठ पेशंट. वापरलेला सेट भिजवणं, अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये घालणं, धुणं, कोरडा करणं, पाउचमध्ये भरणं याला वीस-पंचवीस मिनिटं. ऑटोक्लेव्ह तापणं, धरणं, दाब उतरणं, सुकणं याला धरून पाऊण ते एक तास. पाच वाजता वापरलेला आरसा-प्रोब-चिमट्याचा सेट साडेसहाच्या आत परत येत नाही, आणि एका सेटसाठी कोणी मशीन लावत नाही. म्हणजे आठ पेशंटला आठ सेट, खाली पडणं-बिघडणं धरून दहा. आठांतल्या पाचांना एअरोटर लागेल असं धरलं तर निदान चार एअरोटर. दहा सेटचा आणि चार एअरोटरचा खर्च कोटेशनमध्ये सुरुवातीलाच धरा आणि मग उरलेल्या पैशांत जी बसेल ती चेअर घ्या.

ऑटोक्लेव्हविषयी पुस्तकात एक ओळ असते: १२१ अंश सेल्सिअस, १५ पाउंड दाब, १५ ते २० मिनिटं. ही मिनिटं तापमान गाठल्यानंतरची. बटण दाबल्यापासून मोजली की अर्धं काम कच्चं राहतं. साध्या, कुकरसारख्या उभ्या मशीनमध्ये आधी आतली हवा पूर्ण बाहेर जाऊ द्यावी लागते. हवा कोंडलेली असेल तर काटा दाब दाखवतो, पण तापमान तेवढं नसतं. पोकळ वस्तू आणि पाउचमधली हत्यारं यांच्यासाठी पंपाने हवा ओढून घेणारं मशीन हवं, त्याला बाजारात बी-क्लास म्हणतात. त्यात १३४ अंशांचा छोटा प्रोग्रॅमही असतो. ते महाग आहे, पण एअरोटर वाफेत घालणार असाल तर पैसे इथे घाला.

बिघडतं काय, तर भरणं. पाउच एकावर एक दाबून भरले की वाफ मधल्या पाउचपर्यंत पोहोचत नाही. ते कागदाची बाजू पुढच्याच्या प्लास्टिककडे करून, ताटाळ्यात ताटं लावावीत तसे उभे लावायचे. मशीनमधून ओले निघालेले पाउच तसेच कपाटात ठेवले तर ओल्या कागदातून जंतू आत झिरपतात, ते परत लावावे लागतात. टेपवर काळ्या रेघा आल्या म्हणजे काम झालं, हाही एक सार्वत्रिक गैरसमज. त्या रेघा एवढंच सांगतात की पाकीट गरम मशीनमधून जाऊन आलं. खरी परीक्षा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या चिवट जंतूच्या बीजाणूंची. त्यांची पट्टी किंवा कुपी दर आठवड्याला मशीनमध्ये ठेवून नंतर काही उगवतं का ते बघतात. कॉलेजचा मायक्रोबायॉलॉजी विभाग हाकेच्या अंतरावर असतो. इंटर्नशिपमध्ये ही चाचणी स्वतःच्या हाताने लावून बघा. बाहेर पडल्यावर ती कोण समजावून सांगेल?

आता हवा. चेअरला साधारण ५ ते ६ बार दाबाची कोरडी आणि तेलविरहित हवा लागते. म्हणून गॅरेजचा कंप्रेसर स्वस्त मिळाला तरी चालत नाही, त्याच्या हवेत तेलाचे कण असतात. ऑइल-फ्री घेतला तरी पाण्याचं काय? हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साठते. पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात दिवसाला किती साठतं ते टाकीखालची चावी उघडून एकदा बघाच. ते रोज सोडलं नाही की नळीतून पुढे येतं, एअरोटरचे बेअरिंग गंजतात आणि दाताच्या रंगाच्या कंपोझिटची फिलिंग दोन-चार महिन्यांत निघून येतात. डॉक्टर फिलिंग चिकटवणाऱ्या बाँडिंगची बाटली बदलत राहतो, कारण मात्र टाकीत असतं. परीक्षा सोपी आहे. थ्री-वे सिरिंजचं फक्त हवेचं बटण दाबून ती कोरड्या आरशावर दहा सेकंद धरा. आरसा धुरकटला किंवा ठिपके आले तर त्या हवेने दात वाळवू नका. कॉलेजमधल्या ज्या चेअरवर तुमची पोस्टिंग आहे तिच्यावर हे आजच करता येईल.

पाण्याचा प्रश्न गावोगाव वेगळा. मराठवाडा, सोलापूर, विदर्भाचा बराच भाग इथे बोअरचं पाणी जड. ते दातांवरचं कीटण काढणाऱ्या स्केलरच्या आणि एअरोटरच्या बारीक छिद्रांत क्षार धरतं, ऑटोक्लेव्हच्या कॉइलवर थर बसवतं आणि मग मेकॅनिक 'कॉइल गेली' म्हणून बिल लावतो. ऑटोक्लेव्हमध्ये डिस्टिल्ड पाणीच जाऊ द्यावं. चेअरला बाटलीची सोय असलेली घ्यावी, म्हणजे नळाच्या पाण्यावर अवलंबून राहावं लागत नाही. बाटली लावली म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. नळीत रात्रभर थांबलेल्या पाण्यात जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. सकाळी पहिल्या पेशंटआधी दोन मिनिटं पाणी सोडून द्यायचं, प्रत्येक पेशंटनंतर वीस-तीस सेकंद, आणि कंपनी सांगेल त्या औषधाने ठरावीक दिवशी नळ्या धुवायच्या.

गाळा बघायला जाताना बहुतेक जण दर्शनी भाग किती फुटांचा ते मोजतात. त्याआधी खाली वाकून नहाणीचा ट्रॅप कुठे आहे ते बघावं. चेअरच्या स्पिटूनचं (चूळ थुंकायच्या भांड्याचं) पाणी आपल्या वजनाने वाहून जातं, त्याला ढाळ लागतो. चाळीस इंचांना एक इंच असा ढाळ धरला आणि चेअरपासून ड्रेनेज दहा फुटांवर असेल, तर तीन इंच उतार झाला. त्यात दोन इंचांचा पाइप. म्हणजे फरशी फोडायची परवानगी नसेल तर चेअरची जागा पाचेक इंच उचलावी लागणार. पाच इंचांच्या त्या पायरीवर कवळी करायला आलेले आजोबा अडखळणार, हे ध्यानात ठेवून गाळा ठरवा. ड्रेनेज भिंतीला लागून असेल आणि चेअर तिथेच बसत असेल तर तोच गाळा चांगला, मग दर्शनी भाग दोन फूट कमी असला तरी हरकत नाही. खोली दहा बाय दहाच्या खाली नको. चेअर आडवी केली की सहा फूट घेते आणि पेशंटच्या डोक्यामागे तुमच्या स्टुलाला दोन-अडीच फूट मोकळे लागतात. डोक्यामागे भिंत आली की वरच्या दाढांचं काम मान वाकडी करून होतं, आणि वर्षभराने मणक्याचे व्यायाम सुरू होतात. तुम्ही डावखुरे असाल तर ड्रेनेज, दिवा, ट्रे सगळं उलट बाजूला येतं, हे डीलरला पहिल्याच भेटीत सांगा.

विजेचंही आधी विचारा. ऑटोक्लेव्ह एकटा दीड-दोन किलोवॅट खातो, कंप्रेसर सुरू होताना झटका देतो, त्यात एसी. या तिघांना १६ अँपिअरचे वेगवेगळे पॉइंट आणि चांगलं अर्थिंग लागतं. जुन्या गाळ्याचा मंजूर भार किती आहे ते महावितरणच्या बिलावर छापलेलं असतं. मालकाकडून एक जुनं बिल मागून घेतलं की कळतं.

आणि करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला असावाच लागतो. सवयीने सगळे अकरा महिन्यांचा करतात. फरशी, पाइप, वायरिंग यात पैसे घालणाऱ्याने अकरा महिन्यांचा करार करू नये. तीन ते पाच वर्षांचा, भाडेवाढ किती टक्के ते लिहिलेला, आणि जाताना चेअर, कंप्रेसर, एसी काढून नेता येईल असं स्पष्ट म्हटलेला करार हवा. गाळा सोसायटीत असेल तर ना हरकत पत्र अनामत देण्याआधी घ्यावं. कंप्रेसरचा आवाज हे सोसायटीच्या तक्रारीचं पहिलं कारण ठरतं. तो कुठे बसणार ते त्याच वेळी दाखवून ठेवावं.

कागदपत्रांची यादी लांब वाटते, पण बहुतेक कामं ऑनलाइन होतात. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली मोजकीच माणसं असतील तर नोंदणीऐवजी सूचना द्यायची. व्यवसाय कराचं नोंदणी प्रमाणपत्र, वर्षाला २,५०० रुपये. बोर्ड मराठीत, देवनागरीत, आणि इतर भाषेपेक्षा लहान अक्षरांत नाही. २०२२च्या दुरुस्तीनंतर हे छोट्या आस्थापनांनाही लागू आहे. एक्स-रे मशीन घेणार असाल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि मशीनला त्यांची मान्यता आहे का हे विकत घेण्याआधी बघायचं असतं. 'सगळे वापरतात, काही होत नाही' असं म्हणत डीलर हातात धरायचं स्वस्त मशीन पुढे करतो. मान्यतेचा कागद मागा, तो नसेल तर उठा.

कचऱ्याकडे जास्त लक्ष द्या. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे एका चेअरच्या दवाखान्यालाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. खाटा नसलेल्यांना ती एकदाच घ्यावी लागते. कचरा उचलणाऱ्या सामायिक केंद्राशी करार करावा लागतो आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक अहवाल द्यावा लागतो. रक्ताचा कापूस आणि ऊतक पिवळ्यात, ग्लोव्ह्ज, नळ्या, सुईविना सिरिंज लालमध्ये, सुया आणि ब्लेड न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, भुलीच्या औषधाच्या काचेच्या बाटल्या निळ्यात. काढलेला दात पिवळ्यात जातो. पण त्यात जुनी चांदीची फिलिंग असेल तर तो जाळण्याच्या कचऱ्यात टाकू नये, कारण तापल्यावर पारा वाफ होऊन हवेत जातो. असे दात वेगळ्या झाकणाच्या बरणीत ठेवून केंद्राच्या माणसाला तसं सांगून द्यायचे. ४८ तासांपेक्षा जास्त कचरा साठवायचा नाही, म्हणून गाडी तुमच्या रस्त्यावर आठवड्यातून किती वेळा येते हे गाळा घ्यायच्या आधी विचारायचं. तालुक्याच्या ठिकाणी हा प्रश्न खरोखर अडतो.

लसीला मात्र वेळ लागतो, पैसे टाकून तो वाचवता येत नाही. हिपॅटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडं १० एककांच्या वर आली की खात्री. तुमचं कॉलेजात झालेलं असेल, पण टायटर (ही प्रतिपिंडांची तपासणी) केलंय का ते बघा. आणि जी मुलगी असिस्टंट म्हणून ठेवणार आहात तिचं काय? सुया ती उचलणार, हत्यारं ती धुणार. तिला महिनाभर आधी कामावर घेतलं तर लसीचा दुसरा डोस दवाखाना उघडताना होतो. तोवर तिला जाड रबरी हातमोजे आणि लांब दांड्याचा ब्रश द्या. टोचल्यास काय करायचं याचा कागद बेसिनवर चिकटवा: रक्त दाबून काढू नये, साबणाने धुवावं, लगेच शासकीय रुग्णालय गाठावं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं.

आता पैशांचं. दर कसे ठरवायचे, असं विद्यार्थी विचारतात आणि उत्तर मिळतं, शेजारचा घेतो त्यापेक्षा थोडे कमी. हा मार्ग दवाखाना बुडवायचा आहे. एक साधा हिशेब मांडू, आकडे फक्त उदाहरणाचे. भाडं १५,०००, असिस्टंट १२,०००, वीज-पाणी-इंटरनेट ४,०००, कचरा, देखभाल, किरकोळ ३,८००. सात लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता साधारण १५,२००. एकूण ५०,००० रुपये, एकही पेशंट आला नाही तरी जाणारे. महिन्याचे २५ दिवस, रोज आठ तास, म्हणजे चेअरचे २०० तास. तासाला २५० रुपये. पण पहिल्या वर्षी चेअर दोनशे तास भरत नाही. साठ तास भरली तर तोच आकडा ८३३ होतो. दाढेच्या रूट कॅनालला सगळ्या बैठका मिळून तीन तास लागत असतील तर २,५०० रुपये नुसती चेअर खाते, त्यावर फाइल्स, औषधं, एक्स-रे आणि कॅपचं लॅबचं बिल वेगळं. तेच काम दोन तासांत नीट होत असेल तर १,६६६.

म्हणजे स्वतःच्या हाताला किती वेळ लागतो हे माहीत असल्याशिवाय दर ठरत नाही. आणि हे मोजायची जागा कॉलेजच आहे. ठरवून दिलेल्या केसेसचा कोटा पूर्ण करताना प्रत्येक केसची वेळ केसपेपरच्या मागे लिहीत जा: भूल दिली कधी, बधीर झालं कधी, कॅव्हिटी उघडली कधी, मुळाची लांबी मिळाली कधी, भरलं कधी. सरांची वाट बघण्यात गेलेला वेळ वेगळा काढा. वीस-तीस केसेस झाल्या की दिसतं की आपले हात कुठे अडतात. कोणाचे मुळातला दुसरा कालवा शोधण्यात अडतात, कोणाचे एक्स-रे नीट लावण्यात, कोणाचे दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबर डॅम बसवण्यात. मग इंटर्नशिपमध्ये त्याच पोस्टिंगला जास्तीचे तास मागून घ्यावेत. पीजी मंडळी नको असलेली कामं आनंदाने देतात.

कर्जाबद्दल एकच सांगतो. मुद्रा योजनेतल्या तरुण गटात दहा लाखांपर्यंत तारण न मागता मिळू शकतं, पण शैक्षणिक कर्ज असेल तर त्याचा हप्ताही अभ्यासक्रमानंतर सहा महिने ते वर्षभरात सुरू होतो. दोन्ही हप्ते एकाच कागदावर लिहून बघा. खर्च भागेल एवढे सहा महिन्यांचे पैसे बाजूला नसतील तर वर्ष-दोन वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात काम करून मग सुरू करण्यात काही कमीपणा नाही.

लॅबमध्ये जाऊन बसण्याची संधी सोडू नका. शहरातल्या एखाद्या डेंटल लॅबमध्ये एक पूर्ण दुपार काढली तर वर्षभराच्या लेक्चरइतकं कळतं. तंत्रज्ञाच्या टेबलावर डॉक्टरांनी पाठवलेली दातांची मापं (साचे) रांगेने ठेवलेली असतात. त्याला विचारा, यातलं परत कोणतं पाठवणार? तो बोट ठेवून दाखवतो: इथे दाताची कड दिसत नाही, इथे बुडबुडा, इथे माप तोंडातून काढताना ओढलं गेलंय. आल्जिनेट या मऊ पदार्थाच्या मापात दहा-पंधरा मिनिटांत प्लास्टर ओतलं नाही तर ते पाणी सोडून आकसतं, मग कवळी घट्ट बसते किंवा हलते. दवाखान्यातून मापं लॅबच्या पोराकडे संध्याकाळी जाणार असतील तर प्लास्टर तुम्हालाच, तिथल्या तिथे ओतावं लागणार. त्यासाठी मागच्या खोलीत एक कोपरा, एक व्हायब्रेटर, आणि बेसिनखाली प्लास्टर अडवणारा ट्रॅप हवा. तो ट्रॅप नसला की दोन-तीन महिन्यांत पाइप दगड होतो.

गावाचं तोंड ओळखणं हीही तयारीच. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या फ्लोराइडच्या पट्ट्यात दातांवर तपकिरी डाग घेऊन तरुण मुलं येतील, लग्न ठरवायच्या आधी. मिश्री लावणाऱ्या बायकांचे दात मुळाशी झिजलेले असतील. गुटख्यावर २०१२पासून बंदी असली तरी तोंडात तीन बोटं मावत नाहीत अशी तरणीताठी पोरं रोज दिसतील, आणि तोंड उघडत नाही तिथे मागच्या दाढेपर्यंत एअरोटर पोहोचतच नाही. अशा गावात लहान डोक्याचा एअरोटर आधी घ्यावा, आणि प्रत्येकाचं तोंड किती मिलिमीटर उघडतं ते केसपेपरवर लिहावं. रूरल पोस्टिंगला गेलात तर ओपीडीचं रजिस्टर उघडून बसा. काढण्यासाठी किती आले, भरण्यासाठी किती, कवळीसाठी किती, कुठल्या महिन्यात कमी आले. ऊसपट्ट्यात कारखान्याचं बिल झाल्यावर, कोकणात गणपतीत चाकरमानी आल्यावर गर्दीचं गणित बदलतं. औषधं आणि साहित्य मागवताना हे उपयोगी पडतं, कारण बाँडिंग आणि भुलीची इंजेक्शनं यांना मुदत असते.

केसपेपर स्वतःचा, मराठीत तयार करा. साखर, रक्तदाब, हृदयाची झडप, गरोदरपण, कुठल्या औषधाची ॲलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. या गोळ्या आपल्या मनाने बंद करायला सांगायच्या नाहीत, त्यांच्या डॉक्टरांना फोन करायचा. आणि एक प्रश्न छापील केसपेपरवर सहसा नसतो: आज काही खाल्लंय का? दात काढायला उपाशी जावं अशी अनेकांची समजूत असते, मधुमेहाची गोळी मात्र घेतलेली असते, आणि पेशंट चेअरवर घामाने डबडबतो. त्यासाठी ड्रॉवरमध्ये ग्लुकोज ठेवावं. ॲड्रेनॅलिनच्या कुप्या ठेवाव्यात. मोठ्या माणसाला ॲनाफिलॅक्सिसमध्ये (जीवघेण्या ॲलर्जीत) १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरची अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आणि मास्क ठेवावा, आणि सिलिंडरची चावी त्यालाच बांधलेली असावी. जीव वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण इंटर्नशिपमध्येच घ्यावं, असिस्टंटलाही द्यावं. व्यावसायिक विमाही पहिल्या दिवसापासून हवा. १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आहे.

पहिल्या वर्षी काय करणार नाही याची यादी कॉलेज सोडण्याआधी करावी. आडवी अक्कलदाढ, नसेला चिकटलेलं मूळ, हृदयाचा पेशंट, न बऱ्या होणाऱ्या पांढऱ्या-लाल चट्ट्याची बायोप्सी. प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव आणि नंबर लिहा. ज्या सरांनी-मॅडमनी शिकवलं त्यांना विचारूनच लिहा, ते आनंदाने हो म्हणतात. पाठवताना चिठ्ठीत काय आढळलं, काय केलं, कोणतं औषध किती दिवस दिलं हे लिहायचं, आणि मूळ एक्स-रे आपल्याकडे ठेवून प्रत द्यायची.

दवाखाना उघडण्याच्या आधी पंधरा दिवस तो रिकामा चालवून बघावा. पाच ते नऊ, रोज, खोटे पेशंट बसवून. कंप्रेसर सलग चार तास सुरू राहिला की तापून बंद पडतो का, वरच्या मजल्यावर आवाज किती जातो, बादलीभर पाणी एकदम ओतलं की स्पिटून तुंबतं का, ऑटोक्लेव्ह आणि एसी एकत्र लावल्यावर एमसीबी पडतो का, वीज गेली की चेअर आडवी असताना पेशंटला उठवायचं कसं, बीजाणूंच्या चाचणीचा अहवाल स्वच्छ आला का. यातलं काहीतरी हमखास बिघडतं, आणि प्लंबर किंवा डीलरचा माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही, चौथ्या दिवशी येतो. भाडं तोवर सुरू झालेलं असतं, म्हणून या पंधरा दिवसांचं भाडं आणि असिस्टंटचा पगार कर्जाच्या रकमेत पहिल्यापासून धरून ठेवावा.